बंद ट्रकमध्ये काय चालू होतं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईला समोर सगळे ताई म्हणतात आणि पाठ फिरली की तडतड म्हणतात. तिला हे माहीत आहे. एकदा बाकावर बसलेल्या चार ड्रायव्हरांना तिनं आतूनच ऐकवलं होतं, "तडतड म्हणा, खुशाल म्हणा, पण गाडी चालू झाल्यावर म्हणा. आत्ता माझ्या हातात तुमच्या वायरी आहेत."

मी शाळेत शिक्षिका होते आणि ती चौथीत माझ्या वर्गात होती. गणिताच्या पुस्तकात एका उदाहरणाचं उत्तर चुकीचं छापलेलं होतं. बाकीच्या मुलांनी आपलं उत्तर खोडून पुस्तकातलं लिहिलं. हिनं पुस्तकातलं खोडलं. मी म्हटलं, "अगं, पुस्तक खराब करू नये." तर म्हणाली, "बाई, आधी त्यांनी केलंय." पुढच्या आठवड्यात तिचंच एक उत्तर चुकलं, तेव्हा रबरानं इतकं घासलं की पान फाटलं. राग असा दोन्हीकडे सारखा वाटणारी माणसं कमी असतात. बहुतेकांचा राग बाहेरच्या बाजूला उतार असलेला असतो.

दुकान तिच्या वडिलांचं. त्यांना वाटलं होतं थोरला मुलगा ते सांभाळेल. पण थोरल्याला दुकानात आलेली गाडी दुरुस्त करण्यापेक्षा ती परत नेऊन सोडण्यात जास्त रस. तो ड्रायव्हर झाला. धाकटी मात्र शाळेतून आली की दप्तर गल्ल्यावर टाकून वडिलांच्या शेजारी उकिडवी बसायची. वडिलांनी तिला पहिला धडा दिला तो असा: गाडी कुठलीही असो, बिघाड कुठलाही असो, आधी बॅटरीचं टर्मिनल काढायचं, मग दुसऱ्या कशाला हात लावायचा. ते काही उगाच सांगत नव्हते. तरुणपणी त्यांच्या मनगटातलं घड्याळ बॅटरी आणि पत्रा यांच्यामध्ये अडकलं होतं आणि साखळी लाल होऊन कातडीत रुतली होती. तो वण ते नव्या माणसाला आधी दाखवायचे आणि मग काम शिकवायचे. ताईनं तो नियम वीस वर्षं एकदाही मोडला नाही. ती काम करत असताना मी पेपर वाचायला जाऊन बसते, त्यामुळे मला हे पाहून पाहून माहीत झालं आहे. निवृत्त झाल्यावर घरात पेपर वाचला तर तो पंधरा मिनिटांत संपतो, दुकानात दोन तास पुरतो.

तिचा भाऊ, ज्याला ती दादा म्हणते आणि म्हणून मीही इथे दादाच म्हणेन, एकोणीस वर्षं एकाच मालकाचा एकच ट्रक चालवत होता. मालकाची मागच्या रस्त्यावर लाकडाची वखार आहे, म्हणून त्यांना सगळे वखारवाले म्हणतात. ट्रक दादापेक्षा थोडाच लहान असेल. दरवाजा दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही, आरसा सुतळीनं बांधलेला. पण दादाच्या हातात तो ट्रक कधी रस्त्यात उभा राहिला नव्हता.

मग तो वखारीतच उभा राहू लागला. संध्याकाळी चांगला धावून आलेला ट्रक सकाळी किल्ली फिरवली की नुसता टक् असा आवाज करायचा आणि गप्प. बॅटऱ्या पार उतरलेल्या. पहिल्यांदा झालं तेव्हा कोणी मनावर घेतलं नाही. दादानं फोन केला, ताई हातगाडीवर दोन भरलेल्या बॅटऱ्या घालून गेली. या ट्रकला दोन बॅटऱ्या एकत्र लागतात. तिनं नियमाप्रमाणे टर्मिनलं काढली, भरलेल्या बॅटऱ्या बसवल्या, आणि मायनसच्या वायरीत मीटर जोडून पाहिलं, की गाडी बंद असताना आत काही वीज खातंय का. मीटरवर जेमतेम वीस मिलीअँपियर. डॅशबोर्डवरच्या घड्याळाला लागते तेवढीच. तिनं एकेक फ्यूज काढून पाहिला, अल्टरनेटरची जाड वायरसुद्धा सोडवून पाहिली, कारण ती फ्यूजमधून जात नाही आणि पुष्कळदा चोर तिथेच लपलेला असतो. काही नाही.

"गाडीत काही नाही," ती म्हणाली. "बॅटऱ्या जुन्या झाल्या असतील."

वखारवाल्यांनी कुरकुरत नव्या बॅटऱ्या घातल्या. दहा दिवसांनी त्याही एका रात्रीत उतरल्या. ताई पुन्हा गेली, पुन्हा टर्मिनलं, पुन्हा मीटर, पुन्हा वीस. "गाडीत काही नाही." नंतर आठवडाभर काही नाही, आणि एका मंगळवारी सकाळी तिसऱ्यांदा.

त्या मंगळवारी सकाळी माल भरायची वेळ होती. अकरा हमाल, एक मुकादम, करवतीवरचा माणूस, फळ्या न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं. ताई हातात मीटर घेऊन ट्रकच्या बाजूला उभी होती. वखारवाले टेबलामागून उठून आले.

"काय निघालं?"

"वीस. काहीच नाही. गाडीत काही नाही."

वखारवाले दादाकडे वळले. "ऐकलंस? तुझी सख्खी बहीण सांगते. मग बॅटरी काय उंदीर पितात?"

"मालक, मला कसं माहीत? मी संध्याकाळी किल्ली काढून घरी जातो."

"घरी जातोस की केबिनमध्ये पडतोस? पंखा लावून, रेडिओ लावून? कोणाकोणाला आणून बसवतोस ते मला कळत नाही का? माझी बॅटरी, तुझी चैन. ही सरळ चोरी आहे. आण ती किल्ली."

दादानं किल्ली दिली. एकोणीस वर्षांत ती किल्ली कोणी त्याच्याकडून मागितली नव्हती. तो ताईकडे बघत राहिला, ती काही बोलेल म्हणून. ती मीटरकडे बघत राहिली. खोटं बोलणं तिला येत नाही, आणि खरं काय ते मीटरवर होतं. मग दादा फाटकातून बाहेर पडला. हमाल बाजूला झाले, जसे माणूस जाताना होतात तसे नाही, तिरडी जाताना होतात तसे.

हे सगळं मला मागाहून कळलं. दुपारी जे झालं ते मात्र माझ्या डोळ्यांसमोर झालं. दादा दुकानात शिरला तो बाकाला लाथ मारूनच. मी उठू लागले.

"बाई, तुम्ही बसा. तुमच्यासमोरच बोलतो. म्हणजे ही नंतर म्हणायला नको, मी असं म्हटलंच नव्हतं."

"मी काय म्हटलं?" ताई एका कारची वायर सोलत होती, ती तशीच सोलत राहिली.

"गाडीत काही नाही! तीनदा! अकरा माणसांसमोर!"

"मग खोटं सांगू? मीटर दाखवतं ते मी सांगते. मला सांग, मीटरला तू मामा लागतोस का मी मावशी, की त्यानं आपल्यासाठी आकडा वाढवावा?"

"आकडा नको वाढवूस गं! पण एवढं तरी म्हण, माझा भाऊ असा नाही."

"ते मीटरवर येत नाही."

हे ती बोलली आणि तिलाच ते लागलं, मला दिसलं. पण मागे घ्यायची सवय नाही. दादाचा चेहरा उतरला आणि मग चढला.

"एकोणीस वर्षं! एक दिवस केबिनमध्ये झोपलो नाही. तुझ्या वहिनीला विचार, मी घोरतो की नाही रोज रात्री घरी. आणि तुझं ते मीटर! कधी लावतेस मीटर? सगळं उपटून झाल्यावर! रात्रभर जे काय चाललंय ते चाललंय, तू सकाळी येणार, खाटकन टर्मिनल काढणार, आणि मग विचारणार, कोणी काही करत होतं का रे? झोपलेल्या माणसाला गदागदा हलवायचं आणि मग म्हणायचं, हा तर जागाच आहे!"

ताईच्या हातातली पक्कड थांबली.

"तोंड सांभाळून बोल," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

"माझ्या तोंडाचं काय राहिलंय आता सांभाळायला? ते तू त्या वखारीत टाकून आलीस." आणि तो गेला.

ताईनं पक्कड भिंतीवर भिरकावली. भिंतीचा पोपडा उडाला. मग दुसरी काही वस्तू शोधू लागली आणि मध्येच थबकली. "हलवून जागं," ती स्वतःशीच म्हणाली. "हलवून जागं करायचं आणि मग..." तिचे कान लाल झाले. मला वाटलं ती दादाच्या नावानं बोटं मोडणार. पण तिनं आपल्याच कपाळावर तळहात मारला, चांगला आवाज येईल असा.

"बाई, गाढव आहे मी. वीस वर्षांची गाढव."

"काय झालं?"

"तुम्ही वर्गाकडे यायचात तेव्हा तुमच्या चपला वाजायच्या. आम्ही लगेच गप्प. मग दारात येऊन तुम्ही बघायचात तर सगळे शहाणे. कळायचं का, दंगा कोण करत होतं ते?"

"नाही कळायचं," मी कबूल केलं. "म्हणून मी कधीकधी चपला हातात घेऊन यायचे."

"बघा! आणि मी दर वेळी चपला वाजवत गेले."

मग तिनं मला समजावून सांगितलं, फार चिडून, जणू चूक माझी होती. काही वस्तू अशा असतात की त्या चालू राहून अडकतात, पण वीज एकदा तोडली की भानावर येतात आणि मग शहाण्यासारख्या वागतात. टर्मिनल काढलं की वीज तुटली, वीज तुटली की अडकलेलं सुटलं. त्यानंतर मीटर लावून शंभर वेळा बघा, वीसच दाखवणार. म्हणजे तिनं तीनदा जाऊन पहिल्याच हाताला पुरावा पुसून टाकला होता, आणि मग पुरावा नाही म्हणून सांगितलं होतं. वडिलांचा नियम हात भाजू नये म्हणून होता. तो चोर पकडण्यासाठी नव्हता, आणि हे तिच्या वीस वर्षांत एकदाही ध्यानात आलं नव्हतं.

"मग आता?"

"आता वीज न तोडता मीटर लावायचं. आणि सकाळी नाही, संध्याकाळी, गाडी बंद केल्या केल्या. चला."

"मी कशाला?"

"वखारवाल्यांचा मुलगा तुमच्याकडे होता ना? तुमच्यासमोर ते आवाज चढवत नाहीत. आणि मी चढवला तर तुम्ही मला आवरा."

हे दुसरं काम मला जमणार नव्हतं, पण मी गेले.

वखारवाल्यांनी मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे फिरवला, आणि ताईला म्हणाले, "बघ बाई, बघायचं तर बघ. पण भावासाठी बघतेस हे मला कळतंय हं."

"माझ्यासाठी बघते."

"तीनदा बघितलंस की."

ताईनं दातांवर दात दाबले. मी खोकले.

बदली ड्रायव्हर पाचच्या सुमाराला ट्रक घेऊन आला आणि किल्ली फिरवून उतरला. ताई बॅटऱ्यांच्या पेटीपाशी बसली. तिनं एका जाड वायरीचा एक चिमटा बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला लावला आणि दुसरा मायनसच्या केबलच्या टोकाला. विजेला जायला आधी एक आडवाट करून दिली, मग मुख्य टर्मिनल सैल करून उचललं. त्या दोन्हींच्या मध्ये मीटर जोडलं, आणि सगळ्यात शेवटी आडवाट काढली. वीज एक क्षणही तुटली नाही. हे सगळं करायला तिला तीन मिनिटं लागली. आकडा होता वीस.

"वीस," बदली ड्रायव्हरनं वाकून वाचलं आणि वखारवाल्यांना ओरडून सांगितलं, "वीसच!"

"उद्या परत येते," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशीही वीस. वखारवाले हसले नाहीत, पण त्यांनी मला विचारलं, "बाई, तुमच्या वेळी मुलं इतकी हट्टी होती का हो?" मी म्हटलं, "जी काही शिकली ती होती." परत येताना ताईला वहिनीचा फोन आला, दादा दोन दिवस जेवताना बोलत नाही म्हणून. ताईनं "बरं" एवढंच म्हटलं आणि रस्त्यात पडलेला एक रिकामा डबा इतक्या जोरात लाथाडला की पलीकडच्या दुकानदारानं मान बाहेर काढली.

तिसऱ्या दिवशी मीटर लागलं आणि आकडा उसळला. साडेपाच. मिलीअँपियर नव्हे, सरळ साडेपाच अँपियर. गाडी बंद, दिवे बंद, किल्ली वखारवाल्यांच्या टेबलावर, आणि आत कोणीतरी घटाघटा वीज पीत होतं.

मला वाटलं ती ओरडेल. तिनं आवाज खाली आणला. "कोणी दार उघडू नका. कोणी कशाला हात लावू नका."

फ्यूजची पेटी केबिनमध्ये होती. दार उघडलं की आतला दिवा लागतो आणि आकडा बिघडतो, म्हणून तिनं दाराच्या चौकटीतलं दिव्याचं बटण एका घडी घातलेल्या पुठ्ठ्यानं दाबून चिकटपट्टीनं बंद केलं. या वेळी एकही फ्यूज उपटला नाही. दुसऱ्या एका मीटरच्या दोन सुया घेऊन ती प्रत्येक फ्यूजच्या दोन टोकांना नुसती टेकवत गेली. ज्या फ्यूजमधून वीज वाहतेय त्याच्या दोन टोकांत बारीकसा फरक पडतो, ज्यातून वाहत नाही त्यात पडत नाही, असं तिनं पुटपुटत सांगितलं. एक, दोन, तीन. सहाव्याला सुईनं सांगितलं, इथे.

सहाव्या फ्यूजवरून एक वायर इंजिनाकडे जात होती. या ट्रकचं इंजिन पूर्वी एक दांडी ओढून बंद करावं लागे. दोन वर्षांपूर्वी दांडीची तार तुटली, तेव्हा वखारवाल्यांनी त्या जागी विजेवर चालणारी खुंटी बसवून घेतली. किल्ली बंद केली की ती खुंटी आत ओढली जाते, डिझेल तोडते, इंजिन थांबतं, आणि दहा सेकंदांनी एक छोटा टायमरचा डबा खुंटीला सोडून देतो. डबा वखारवाल्यांनी स्वतः भंगारातल्या गाडीतून आणला होता. "हा चालतोय ना, मग नवा कशाला?" आणि तो बसवला होता ताईनंच. तो डबा आता कधीकधी दहा सेकंद मोजायचं विसरत होता. खुंटी रात्रभर ओढलेली राहायची. ना आवाज, ना उजेड.

ताई माझ्याकडे आली. "बाई, दीड तास थांबू. इंजिन गार होऊ दे. मग त्यांना हात लावायला सांगते."

"आत्ताच का नाही?"

"आत्ता सगळंच गरम आहे. म्हणतील, इंजिन चालून आलंय."

दीड तास ती पेटीशेजारी बसून राहिली, मांजर बिळाशी बसतं तशी. हमालांनी हातपाय धुतले, पण घरी जायचे ते थांबून राहिले. करवत बंद झाली. सात वाजता तिनं वखारवाल्यांना बोलावलं.

"या. इंजिनाला हात लावा."

"गार आहे."

"रेडिएटरला."

"गार."

"आता या खुंटीला."

वखारवाल्यांनी हात लावला आणि "अगं आई गं!" म्हणून बोटं तोंडात घातली. हमालांच्यात कोणीतरी फुसकन हसलं.

"दोन तास झाले गाडी बंद होऊन," ताई म्हणाली. "पंखा कोणी लावला? रेडिओ कोणी लावला? बदली ड्रायव्हर तर तुमच्यासमोर चहा पितोय. आणि हे बघा." तिनं मीटरचा एक चिमटा काढला, पाच मोजले, परत लावला. आकडा वीस. "हे मी तीनदा बघत होते. गाडीत काही नाही!"

वखारवाल्यांनी बोटं झटकली. "बरं बरं. निघालं ना. डबा बदल. आणि सांग त्याला, उद्यापासून ये म्हणावं. झालं गेलं."

इथे मी तिच्या दंडाला हात लावला. दंड दगडासारखा होता.

"असं नाही," ती म्हणाली. "सकाळी येते. माल भरताना."

त्या संध्याकाळी ती दादाच्या दारात उभी राहिली, आत गेली नाही. वहिनी म्हणाली, आत या. ताई म्हणाली, नको. मग मोठ्यानं, आतल्या खोलीत ऐकू जाईल असं, "दादा, उद्या आठला वखारीत ये. किल्ली घ्यायला येऊ नकोस. ऐकायला ये." आतून भांडं जोरात ठेवल्याचा आवाज आला. तेच उत्तर समजून ती निघाली.

सकाळी दादा आला. फाटकाच्या आत नाही, फाटकातच, हाताची घडी घालून. हमाल फळ्यांवर बसले होते, जणू कोणी त्यांना बसायला सांगितलं होतं. ताई ट्रकच्या पुढे जाऊन उभी राहिली. चौथीत कविता म्हणायला उभी राहायची तेव्हा हात पाठीमागे धरायची, तसे आता धरले नव्हते.

"त्या मंगळवारी मी इथे उभी राहून म्हणाले, गाडीत काही नाही. ते चूक होतं. गाडीत बिघाड होता. मी दर वेळी आधी टर्मिनल काढत गेले, त्यामुळे तो मला दिसला नाही. टायमरचा डबाही मीच बसवलेला. ड्रायव्हरची काही चूक नव्हती. माझ्या चुकीवर त्याची किल्ली गेली." ती थांबली. "माझं झालं."

आणि ती वखारवाल्यांकडे बघत उभी राहिली. सगळेच बघत होते. करवतीवरच्या माणसाला काय झालं कोण जाणे, त्यानं त्याच क्षणी करवत सुरू केली.

वखारवाले टेबलावरचे कागद सारखे करू लागले. "मी काही चोर वगैरे म्हटलं नव्हतं."

"म्हटलंत," मुकादम म्हणाला. एवढंच.

वखारवाल्यांचे ओठ हलले. करवतीच्या आवाजात काही कळलं नाही. दादा फाटकातून म्हणाला, "ऐकू आलं नाही."

करवत बंद झाली.

"ड्रायव्हरनं काही केलं नव्हतं!" वखारवाले ओरडले, रागानंच, दरवाजाला सांगावं तसं. "झालं? आता भरा माल! उन्हं वर आली!" आणि किल्ली टेबलाच्या कडेला सरकवली. हातात दिली नाही.

दादा आत आला, किल्ली उचलली. ताईसमोर थांबला. मला वाटलं आता तरी काही गोड बोलेल. पण ती दोघं एकाच बापाची.

"तीनदा आलीस. तिसऱ्यांदा तरी डोकं चालवायचंस."

"चौथ्यांदा चालवलं."

"माझी किल्ली गेल्यावर."

तो केबिनमध्ये चढला, दरवाजा दोनदा आपटला, सेल्फ मारला. "सरक बाजूला. मागे घ्यायचीय." ती सरकली.

परत येताना ती इतक्या ताडताड चालत होती की मी दोन घरं मागे राहिले. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "बाई, सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? वखारवाल्यांचा नाही. तो तर येणारच. दादा माझ्याकडे बघत होता आणि मी मीटरकडे बघत होते."

शिक्षकांनी दर वेळी बोलायचं नसतं, हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

आठ दिवस दादा दुकानाकडे फिरकला नाही. तो जुना डबा वखारवाल्यांनी दुसऱ्या एका दुकानातून बदलून घेतला, तिला सांगितलंही नाही. हे कळल्यावर तिनं ते दुकान कुठलं, माणूस कोण, त्याला काय येतं आणि काय येत नाही, याचा पाढा मला सकाळपासून दुपारपर्यंत ऐकवला. नवव्या दिवशी दुपारी दारात ट्रक येऊन उभा राहिला आणि केबिनमधून आरोळी आली.

"ए तडतडे!"

ताई ताडकन उठली. गल्लीत तोंडावर तिला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"रस्त्यात ओरडतोस काय? हॉर्न द्यायला काय होतं?"

"तोच वाजत नाही म्हणून आलोय!" दादा ओरडला. "त्या दुसऱ्या शहाण्यानं डबा बदलताना काय करून ठेवलंय बघ! सकाळपासून लोकांना हाका मारत गाडी चालवतोय मी! घसा बसला माझा!"

"मग त्याच्याकडेच जा की!"

"गेलो होतो. तो म्हणतो, गाडीत काही नाही."

ताई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "उतर खाली. आणि मला पहिल्यापासून सांग. काहीही गाळू नकोस."

दादा उतरला आणि सांगू लागला, बसलेल्या घशानं, हातवारे करत, अजूनही चिडलेलाच. मी पेपरचं पान उलटलं.